एजंटची वही: नोव्हेंबरातला ‘परवा’ फेब्रुवारीत कसा सापडतो

दिंडोरी तालुक्यातलं एक द्राक्ष पॅकहाऊस धरू. त्याला चाळीस बागा जोडलेल्या आहेत. बागायतदार व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतात, आवाजी निरोप पाठवतात. एक एआय एजंट ते वाचून नोंदी ठेवतो आणि कुणी विचारलं की उत्तर देतो. शुक्रवारी, २१ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी गट नंबर ११२ मधून निरोप येतो:

“नमस्कार साहेब. परवा सल्फर मारलं, ऐंशी टक्केवालं, लिटरला दोन ग्रॅम, एकरी चारशे लिटर पाणी. अडीच एकर पूर्ण. खालच्या मळ्यात तिसऱ्या-चौथ्या ओळीत डावणीचे डाग दिसतायत, पानावरच, घडावर नाही अजून. पावसानं झालं वाटतं.”

रात्री एजंट दिवसाचा अहवाल लिहून ठेवतो: “गट ११२: ८०० ग्रॅम सल्फर फवारलं. पावसामुळे थोडी डावणी, घड सुरक्षित. परिस्थिती नियंत्रणात.”

वाचायला सुटसुटीत आहे, पण जवळजवळ प्रत्येक शब्दात खोट आहे. ८०० ग्रॅम हे एका एकराचं माप. अडीच एकराला दोन किलो लागलं. फवारा १९ तारखेचा, पण अहवाल २१ चा असल्यानं तो २१ चा वाटतो. ‘पावसानं झालं वाटतं’ हा बागायतदाराचा अंदाज होता, त्याचं ठाम कारण झालं. ‘घडावर नाही अजून’ यातला ‘अजून’ गळाला आणि घड सुरक्षित झाले. खालचा मळा आणि ओळींचे आकडे गेलेच. ‘नियंत्रणात’ हे तर कुणीच म्हटलं नव्हतं. बागायतदाराच्या नजरेला सगळ्यात जास्त खटकेल ती गोष्ट वेगळीच: सल्फर भुरीवर चालतं, डावणीवर नाही; हे दोन वेगळे रोग. अहवालात दोन्ही वाक्यं शेजारी बसल्यानं डावणीवर इलाज झाला आणि ती आटोक्यात आली असा अर्थ निघतो.

१० ऑक्टोबरला छाटणी झालेली ही बाग १३० दिवसांनी, म्हणजे १७ फेब्रुवारीच्या आसपास, काढणीला येईल. त्या वेळी पॅकहाऊसमधून कुणी विचारेल, “११२ मध्ये डावणी कुठं होती? घडावर गेली होती का?” एजंट वही उघडून सांगेल, “डावणी थोडी होती, नियंत्रणात आली, घड सुरक्षित होते.” तो थाप मारत नाही. वहीत तसंच लिहिलंय.

आठवण असते कुठे

एजंटच्या पोटात जे भाषा-मॉडेल असतं, ते तुमच्याशी बोलून काही शिकत नाही. प्रत्येक वेळी ते कोरं असतं. त्या क्षणी समोर जेवढा मजकूर ठेवला जातो, तेवढंच त्याला ‘माहीत’ असतं. त्याला संदर्भखिडकी म्हणू. खिडकीची लांबी टोकनमध्ये मोजतात. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. इंग्रजी शब्द बहुतेकदा एक-दोन टोकनांत बसतो, तर देवनागरीतल्या शब्दाचे मॉडेलप्रमाणे दोन ते चार-पाच तुकडे पडतात. म्हणजे तोच मजकूर मराठीत जास्त जागा खातो आणि बिलही जास्त येतं.

चाळीस बागांतून दिवसाला वीस-वीस निरोप आले, प्रत्येकी तीस शब्दांचे, तर रोजचे २४,००० शब्द होतात. छाटणीपासून काढणीपर्यंतचे १३० दिवस धरले तर ३१ लाखांवर शब्द. २०२५ मध्ये बऱ्याच मॉडेलांची खिडकी दोन लाख टोकनांच्या घरात होती, काहींची दहा लाख. हंगाम त्यात मावणार नाही. आणि मावला तरी फायदा अर्धवटच, कारण लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलांकडून निसटते आणि सुरुवातीची व शेवटची त्यांना चांगली पकडता येते, असं संशोधकांनी २०२३ मध्येच मोजून दाखवलं. पुढची मॉडेलं सुधारली आहेत, पण पोतंभर कागद समोर ओतून “यातून शोध” म्हणणं आजही महागाचं आणि बेभरवशाचं काम आहे.

म्हणून मॉडेलच्या बाहेर वही ठेवतात. ती साधी फाइल असेल, डेटाबेस असेल. काम झालं की एजंट तिच्यात थोडक्यात अहवाल लिहितो, आणि पुढच्या वेळी प्रश्न आला की त्यातले कामाचे चार-पाच अहवाल खिडकीत आणून ठेवतो. ‘दीर्घकालीन स्मृती’ हे भारदस्त नाव याच व्यवहाराला आहे.

उतारा आणि फेरफार

महसुलाच्या कागदांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला ही रचना समजायला दोन मिनिटं लागतात. सातबारा म्हणजे आजची स्थिती, एका पानात. ती स्थिती कशी झाली हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असतं, आणि त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. शंका आली की त्या क्रमांकावरून मागे जाता येतं.

एजंटच्या स्मृतीत नेमक्या याच दोन गोष्टी लागतात, आणि तिसरी म्हणजे मूळ कागद. सगळ्यात खाली मूळ निरोप जसेच्या तसे: मजकूर, आवाजाची फाइल, फोटो, प्रत्येकाला क्रमांक. यात कधीही बदल करायचा नाही. त्यावर तारीखवार अहवाल. आणि सगळ्यात वर प्रत्येक बागेचं एक पान, ज्यावर आजघडीला काय खरं आहे ते. व्यापाऱ्याच्या पेढीवर याला कीर्द आणि खतावणी म्हणतील: आधी रोजच्या तारखेनं लिहायचं, मग खात्यावर चढवायचं.

बहुतेक जण फक्त मधला थर ठेवतात. संभाषण संपलं, सारांश लिहिला, मूळ मजकूर पुसला. जागा वाचते म्हणे! ३१ लाख शब्दांच्या निरोपांचा मजकूर साठवायला शंभर मेगाबाइटसुद्धा पुष्कळ होतात. फोनमधल्या एका व्हिडिओएवढी जागा. मूळ मजकूर टाकून देण्याचं एकही चांगलं तांत्रिक कारण नाही. खासगीपणाची कारणं असू शकतात, त्याकडे पुढे येऊ.

बाकी सगळे नियम या एका गोष्टीला लोंबकळतात: अहवालातल्या प्रत्येक विधानावरून मूळ निरोपापर्यंत जाता आलं पाहिजे. उतारा कितीही नीट असला तरी उताराच.

चांगला अहवाल दिसतो कसा

तोच निरोप असा लिहिला जायला हवा होता:

बाग: गट ११२, क्षेत्र २.५ एकर.
केलं: १९-११-२०२५, सल्फर ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, एकरी ४०० लिटर पाणी, पूर्ण क्षेत्र. एकूण २ किलो (हिशेबानं काढलेलं, निरोपात नाही).
पाहिलं: २१-११-२०२५, खालचा मळा, ओळ ३ व ४, पानांवर डावणीचे डाग. निरोपाच्या वेळी घडांवर नाहीत.
अंदाज: पावसामुळे, असं बागायतदाराला वाटतं.
माहीत नाही: किती झाडांवर डाग, डावणीसाठी वेगळं औषध मारलं का.
पुढे: २३-११-२०२५ ला खालच्या मळ्याची चौकशी.
मूळ: निरोप ४७१, २१-११-२०२५, संध्याकाळी ६.४०.

शब्द वाढले हे खरं. पण सारांश म्हणजे कमी शब्द, हा गैरसमजच या कामाचा घात करतो. इथे ‘नमस्कार साहेब’ गाळायचं असतं, ओळींचे आकडे नाही. एका बागेच्या एका दिवसाला साठ-सत्तर शब्द लागले तर लागू द्यात. ज्या बागेत त्या दिवशी काही घडलंच नाही, तिला शून्य शब्द. “आज विशेष काही नाही” अशा चाळीस ओळी रोज साठवल्या की शोधताना त्याच ओळी पुढे येतात.

‘केलं’, ‘पाहिलं’ आणि ‘अंदाज’ हे तीन रकाने वेगळे ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. मॉडेलला गुळगुळीत परिच्छेद लिहायला आवडतं, आणि परिच्छेदात ही तिन्ही एकमेकांत मिसळतात. रकाने दिले की त्याला ठरवावंच लागतं. ‘माहीत नाही’ हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. तो नसला की पुढे ‘नोंद नाही’ आणि ‘झालं नाही’ यातला फरक पुसला जातो. डावणीच्या औषधाची नोंद नाही, याचा अर्थ औषध मारलं नाही असा नव्हे. कदाचित मारलं आणि कळवायचं राहिलं.

एजंटला देण्याची सूचना साधारण अशी असावी:

“निरोपात नसलेलं कारण, निष्कर्ष किंवा दिलासा लिहू नकोस. ‘नियंत्रणात’, ‘सुरक्षित’, ‘समाधानकारक’ हे शब्द समोरच्यानं वापरले असतील तरच, आणि अवतरणचिन्हांत लिही. आकडा लिहिताना कशाचा, किती, कोणत्या मापात आणि कशामागे, हे चारही लिही. तू स्वतः काढलेला आकडा असेल तर तसं नमूद कर. घटनेची तारीख आणि निरोपाची तारीख वेगवेगळी लिही. खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ मध्ये टाक.”

ही सूचना दिली तरी दहातल्या एखाद्या वेळी मॉडेल घसरणार, हे गृहीत धरा. म्हणून अहवाल साठवण्याआधी साध्या प्रोग्रामनं तपासणी लावा: तारीख दिनांक-महिना-वर्ष या रूपात आहे का, मूळ निरोपाचा क्रमांक आहे का, अहवालातला प्रत्येक आकडा मूळ मजकुरात सापडतो किंवा ‘हिशेबानं काढलेला’ असं लिहिलं आहे का. हे तपासायला मॉडेल लागत नाही. तपासणीत अडकलेला अहवाल एकदा परत लिहायला द्या. दुसऱ्यांदा अडकला तर माणसाकडे पाठवा.

परवा, अडीचशे आणि अण्णा

इंग्रजीत बनवलेली साधनं मराठीत जिथे अडखळतात, त्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली, परवा. मराठीत परवा दोन्हीकडे जातो. “परवा मारलं” म्हणजे दोन दिवसांपूर्वी, “परवा मारायचंय” म्हणजे दोन दिवसांनी. क्रियापद ऐकू आलं नाही, किंवा निरोप “परवाचा फवारा सल्फरचा” एवढाच असला, तर माणसालाही कळणार नाही. अशा वेळी एजंटनं तारीख ठोकून देऊ नये, परत विचारावं: “नाना, परवा म्हणजे बुधवारी झाला का, की येत्या रविवारी करायचाय?” तारखेचा हिशेब नेहमी निरोप आला त्या दिवसापासून करायचा, अहवाल लिहिला त्या दिवसापासून नाही. रात्री साडेबाराला अहवाल तयार करणारी व्यवस्था हमखास एक दिवस पुढे जाते. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलं तर चूक उलट दिशेनं होते.

“अवसेच्या आधी”, “दिवाळीच्या पाडव्याला”, “पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी” हेही येणार. सणांच्या तारखा एजंटला तक्त्यात द्या. पावसाची तारीख वहीतून शोधून काढावी लागते, आणि ती पिंपळगावला वेगळी, मोहाडीला वेगळी असू शकते.

दुसरी जागा आकड्यांची. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे. आवाजाचा मजकूर करणारं साधन ‘अडीचशे’चं कधी ‘२ शे’ करतं, कधी ‘अडीच, शंभर’. म्हणून आवाजी निरोपाचा मजकूर हाच मूळ कागद मानू नका. आवाजाची फाइल ठेवा आणि आकडे परत वाचून दाखवून हो म्हणवून घ्या. औषधाच्या बाबतीत हे टाळता येण्यासारखं नाहीच. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश सापडल्यानं युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं अडली होती. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात त्या हंगामाची आठवण अजून निघते. कोणतं औषध, किती आणि कधी, या तीन गोष्टी ‘थोडक्यात’ लिहिण्याच्या नाहीत. युरोपला जाणाऱ्या मालाचा माग बागेपर्यंत लावायला अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट प्रणाली आहेच. एजंटची वही तिची किंवा बागेतल्या फवारणी नोंदवहीची जागा घेत नाही.

तिसरी जागा नावांची. चाळीस बागांत पाच अण्णा आणि चार नाना असणार. ‘खालचा मळा’ तर दर दुसऱ्या बागेत. म्हणून ओळख गाव आणि गट नंबर यावर बांधायची, आणि प्रत्येक बागेच्या पानावर टोपणनावांची यादी ठेवायची: खालचा मळा, विहिरीकडचा तुकडा, रस्त्याचा प्लॉट. फोन नंबरावरून बाग ओळखणं सोयीचं वाटतं, पण एकाच्या दोन बागा असतात, आणि निरोप कधी मुलाच्या फोनवरून येतो.

चौथी जागा लेखनाची. डावणी, डाऊनी, डाउनी, केवडा. थॉमसन, थॉम्पसन, टॉमसन. अक्षरं जुळवून शोधणाऱ्या यंत्राला हे सगळे वेगवेगळे शब्द. त्यात ११२ देवनागरी आकड्यांत लिहिला की इंग्रजी आकड्यांत, यानंही फरक पडतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या ठरलेल्या पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतं. डोळ्यांना सारखं, यंत्राला वेगळं. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे: साठवण्याआधी सगळा मजकूर एका युनिकोड रूपात आणायचा, आकडे एकाच लिपीत करायचे, आणि रोग, औषधं, वाण यांचा एक शब्दतक्ता ठेवून प्रत्येक अहवालाला ठरलेली खूणचिठ्ठी लावायची. मूळ निरोपाला मात्र हात लावायचा नाही.

शोधायचं कसं

शोधाचे दोन प्रकार. एक शब्द जुळवून. दुसरा अर्थ जुळवून: प्रत्येक अहवालाचं एम्बेडिंग काढतात, म्हणजे त्याच्या अर्थाचा पत्ता सांगणारी काही शे ते काही हजार आकड्यांची माळ (व्हेक्टर), उदाहरणार्थ ७६८ किंवा १५३६ आकड्यांची. प्रश्नाचीही तशीच माळ काढायची आणि कोणत्या अहवालाची माळ तिच्या जवळ आहे ते पाहायचं. “पानावर तेलकट ठिपके” असं विचारलं तरी ‘डावणी’चा अहवाल सापडतो, तो यामुळे.

पण अर्थाच्या शोधाला गट ११२ आणि गट १२१ जवळपास सारखेच वाटतात. आकड्यात त्याला अर्थ दिसत नाही. नुसत्या व्हेक्टर शोधावर विसंबलेली व्यवस्था एका बागेचा फवारा दुसऱ्या बागेच्या नावावर सांगते, आणि इतक्या सहज सांगते की कुणाला शंकाही येत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी गाव, गट नंबर आणि तारखांची चाळणी लावायची, तिच्यातून उरलेल्या अहवालांत शब्दानं आणि अर्थानं दोन्हीकडून शोधायचं, दोन्ही याद्या एकत्र करायच्या आणि वरचे पाच ते आठ अहवाल खिडकीत ठेवायचे. त्याआधी त्या बागेचं पान. चाळीस बागांच्या पसाऱ्याला वेगळा व्हेक्टर डेटाबेस विकत घेण्याची गरज नाही. पोस्टग्रेस हा साधा डेटाबेस आणि त्याची पीजीव्हेक्टर ही जोड, किंवा एसक्यूलाइटची एक फाइलसुद्धा, पुष्कळ झाली.

कोणता अहवाल वर यावा याचा एक नमुना २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गुगलच्या संशोधकांनी मांडला. पंचवीस एआय पात्रांचं एक छोटं गाव वसवून त्यांनी प्रत्येक आठवणीला तीन गुण दिले: किती ताजी, किती महत्त्वाची, प्रश्नाशी किती संबंधित. कल्पना चांगली आहे, आणि तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी तशीच उचलली गेली. बागेसाठी ती तशीच उचलली तर फसगत होते. गप्पांची आठवण जुनी झाली की मागे पडावी, बरोबर. पण ऑक्टोबरातल्या औषधाचं महत्त्व फेब्रुवारीत कमी होत नाही, उलट वाढतं. म्हणून औषध, खत आणि तपासणीचे अहवाल ताजेपणाच्या गुणातून वगळावेत. हवामान, मजूर, वाहतूक यांच्या नोंदी खुशाल जुन्या होऊ द्याव्यात.

खरं बदलतं तेव्हा

२६ नोव्हेंबरला निरोप येतो: डाग आता तिसऱ्या ते नवव्या ओळीत. बागेच्या पानावर काय करायचं? जुनं पुसून नवं लिहिलं तर डावणी कशी पसरली हे कळणार नाही. दोन्ही ठेवली तर एजंटला एकाच प्रश्नाची दोन उत्तरं सापडतील आणि तो कोणतंही एक उचलेल, किंवा दोन्हींची खिचडी करेल.

सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक घालतात. नाव दिसतं, पण चालत नाही. इथेही तसंच. जुन्या नोंदीवर ‘२६-११-२०२५ पासून लागू नाही, पाहा निरोप ५१९’ अशी खूण करायची. रोजच्या प्रश्नाला कंसातली नोंद शोधात येऊ द्यायची नाही, “आधी किती होती?” असं विचारलं तरच उघडायची. हे काम मॉडेलच्या मर्जीवर सोडू नये. नवीन अहवाल साठवताना त्याच बागेच्या त्याच विषयावरच्या चालू नोंदी आधी बाहेर काढायच्या आणि मॉडेलला विचारायचं: ही नवी भर आहे, जुनीच गोष्ट परत आली आहे, की जुनी रद्द होते? रद्द करण्याचा निर्णय औषधाशी संबंधित असेल तर माणसाची मान्यता घ्यावी.

सारांशाचा सारांश

स्मृती बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. रोजच्या सात अहवालांवरून आठवड्याचा, चार आठवड्यांवरून महिन्याचा, असं करत गेलं की होतं असं:

दिवस: “खालचा मळा, ओळ ३ व ४, पानांवर डावणी, घडांवर अजून नाही.”
आठवडा: “११२ मध्ये काही ओळींत डावणी.”
महिना: “काही बागांत किरकोळ रोग.”

प्रत्येक पायरीवर मॉडेलनं आपलं काम चोखच केलंय. चूक कुठेच नाही, माहितीही कुठेच नाही. म्हणून आठवडी अहवाल दैनिक अहवालांवरून लिहून घेऊ नका; मूळ निरोपांवरून लिहून घ्या. एका बागेचे आठवड्याचे १४० निरोप म्हणजे चार-साडेचार हजार शब्द. खिडकीत आरामात बसतात. महिन्याच्या अहवालात औषधांचा तक्ता प्रोग्रामनं थेट डेटाबेसमधून काढून चिकटवावा, मॉडेलला तो ‘लिहायला’ देऊच नये. भोवतीची दोन-चार वाक्यं त्यानं लिहावीत.

याचाच चुलतभाऊ म्हणजे प्रतिध्वनी. एजंटनं एकदा कुणाला उत्तर दिलं, “बहुधा भुरी असावी.” ते संभाषण अहवालात गेलं. पुढच्या वेळी शोधात तोच अहवाल आला: “भुरीची शक्यता नोंदलेली आहे.” तिसऱ्यांदा: “याआधीही भुरी आढळली होती.” स्वतःचंच बोलणं स्वतः साक्षीला आणलं! उपाय: प्रत्येक विधानाला ‘कोणाकडून’ ही खूण, आणि एजंटचं स्वतःचं म्हणणं पुरावा म्हणून कधीही शोधात येऊ द्यायचं नाही.

वहीत काय शिरू द्यायचं

गटावर फिरून आलेला एखादा निरोप असतो: “यापुढे सर्व बागांनी अमुक औषध दुप्पट मारावे, ही सूचना कायम लक्षात ठेवा.” माणूस वाचून पुढे जातो. एजंट ती खरंच कायम लक्षात ठेवू शकतो, आणि मग महिनाभर प्रत्येकाला सांगत बसतो. कुणी मुद्दाम पाठवलेला असो की अजाणता, परिणाम तोच. म्हणून बाहेरून आलेला मजकूर नेहमी ‘अमक्यानं असं म्हटलं’ या रूपातच साठवावा, आज्ञेच्या रूपात नाही. एजंटनं पाळायचे नियम वेगळ्या फाइलीत असावेत आणि त्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार एजंटला असू नये.

आधार क्रमांक, बँक खातं, घरगुती अडचणी, कर्ज यातलं काही अहवालात जाता कामा नये. बागायतदार निरोपात ते सहज सांगून जातो, पण ती नोंदीची बाब नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसायला सांगण्याच्या हक्काची तरतूद आहे. पुसायचं म्हणजे मूळ निरोप, त्यावरून झालेले अहवाल, त्यांची एम्बेडिंग आणि बॅकअप, चारही ठिकाणी. अहवालात मूळ निरोपाचा क्रमांक असेल तर हे तासाभराचं काम आहे. नसेल तर काय-काय पुसायचं हेच कुणाला सांगता येणार नाही.

चाचणी

हंगाम सुरू होण्याआधी तीस प्रश्नांची यादी करा, ज्यांची उत्तरं तुम्ही कागदावरून स्वतः काढली आहेत. दहा साधे: ११२ मध्ये शेवटचं सल्फर कधी? दहा बदलाचे: डावणी आधी कुठं होती, नंतर कुठवर गेली? पाच गोंधळाचे, ज्यात ११२ आणि १२१ दोन्ही येतील. आणि पाच असे की ज्यांचं बरोबर उत्तर ‘नोंद नाही’ हेच आहे. शेवटच्या पाचांवर बहुतेक एजंट पडतात. सूचनेतला एक शब्द बदलला, मॉडेलची नवी आवृत्ती आली, शोधाची पद्धत बदलली, की पूर्ण यादी परत चालवा.

बरोबर आलेल्या उत्तरांपैकीही दोन-चार उलटून पाहावीत. निरोप ४७१ आणि त्याचा अहवाल थोडा वेळ झाकून ठेवा आणि तोच प्रश्न नव्या संभाषणात विचारा: २१ नोव्हेंबरला खालच्या मळ्यात डावणी कुठं होती? उत्तर ‘नोंद नाही’ असं यायला हवं. तरीही ‘ओळ ३ व ४’ आलं, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी थरातून येतंय: जुना आठवडी अहवाल, बागेच्या पानावरची कंसातली नोंद, नाहीतर न झाकलेलं एम्बेडिंग. ‘डावणी नियंत्रणात होती’ असं आलं, तर ते कुठूनच आलेलं नाही, आणि दुरुस्ती वहीत नव्हे, उत्तर देण्याच्या सूचनेत करावी लागेल.